पायऱ्यांखालचं विद्यापीठ

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावाची वस्ती जेमतेम सव्वा लाख. तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. सामन्याच्या शनिवारी चोरांनी अख्खं गाव धुऊन न्यावं अशी सोय; पण बहुधा चोरही सामन्यालाच गेलेले असतात. १९२७ साली हे स्टेडियम बांधलं तेव्हा ७२ हजारांची सोय होती. पोरांची संख्या वाढली म्हणून वर्ग वाढवतात, तशा इथं खुर्च्या वाढवल्या.

आणि हे सगळं कॉलेजच्या पोरांच्या मॅचसाठी, बरं का! लाखावर प्रेक्षक मावणारी त्या देशातली फुटबॉलची स्टेडियमं सगळी विद्यापीठांचीच. आपल्याकडे दिव्याखाली अंधार असतो. तिथं झगमगाट वर, आणि विद्यापीठ कुठे आहे ते पाहायचं तर गॅलरीखाली वाकावं लागतं.

वाकून पाहू. लुइझियाना स्टेट विद्यापीठात १९३० च्या दशकात पैसे होते वसतिगृहासाठी, हवं होतं मोठं स्टेडियम. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून तोड निघाली, असं तिथं सांगतात: खोल्या बांधायच्या आणि त्यांच्या डोक्यावर गॅलरी चढवायची. कागदोपत्री वसतिगृह, प्रत्यक्षात स्टेडियम! पुढे कित्येक वर्षं पोरं त्या पायऱ्यांखाली राहिली. शनिवारी रात्री डोक्यावर हजारो पाय नाचत असताना अभ्यास कसा होत असेल, हा प्रश्न मंजुरीच्या कागदावर नसावा.

कॅलिफोर्नियात बर्कलीला गॅलरीखाली खोल्या नाहीत, थेट भूकंपाची भेग आहे. इथल्या विद्यापीठात भूकंपाच्या नोंदी १८८७ पासून होताहेत. तरीही १९२३ साली स्टेडियम उभं केलं ते नेमकं हेवर्ड भेगेवर. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचं स्मारक म्हणून. त्या काळी बऱ्याच विद्यापीठांनी हीच युक्ती केली. शहिदांच्या नावानं वर्गणी मागितली की नाही कोण म्हणणार? भेग मात्र देशभक्तीला बधली नाही. ती दर वर्षी किंचित सरकते आणि भिंतींना तडे देते. अखेर ३२ कोटी डॉलर ओतून डागडुजी झाली. २०१२ साली स्टेडियम पुन्हा उघडलं. जागा मात्र तीच.

आता शिकागो. कॉलेज फुटबॉलची मानाची हाइजमन ट्रॉफी १९३५ साली पहिल्यांदा जिंकली ती इथल्या विद्यापीठाच्याच खेळाडूनं. पण तिथले अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठ शिकण्यासाठी असतं अशी विचित्र शंका होती. १९३९ साली त्यांनी फुटबॉलच बंद केला. तिथल्या स्टॅग फील्ड या स्टेडियमच्या गॅलऱ्या ओस पडल्या. २ डिसेंबर १९४२ रोजी त्यातल्या पश्चिमेच्या गॅलरीखालच्या खोलीत शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि मंडळींनी ग्रॅफाइटच्या विटा रचून जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. प्रेक्षक पाच-पन्नास, आणि बाहेर चकार शब्द नाही. काम गुप्त होतं.

जगाचं काय केलं त्या अणूनं, ते वेगळं रडगाणं. पण एवढं खरं, की खेळ थांबला तेव्हाच स्टेडियमात विद्यापीठाला जागा सापडली. पुढे स्टॅग फील्ड पाडलं. आज तिथं विद्यापीठाचं ग्रंथालय आहे.