स्थिती: बरी, पापं किरकोळ

जुन्या पुस्तकांचा इंग्रज विक्रेता एखाद्या पुस्तकाला 'गुड' म्हणाला, की त्याचे दिवस भरत आले असं समजावं. 'फेअर' म्हणजे अंथरुणाला खिळलेलं. 'पुअर' म्हणजे मजकूर शाबूत आहे, बाकी नातेवाइकांना कळवून ठेवा. ही उतरंड अमेरिकेतल्या पुस्तकधंद्याच्या एका साप्ताहिकाने १९४९ साली घालून दिली आणि तेव्हापासून जगभरचे विक्रेते तिच्या आडोशाला राहून बिनधास्त भाव करतात.

मी ख्रिस्ती धर्मशास्त्राची जुनी पुस्तकं जमवतो. नगरच्या पाळकाच्या घरात वाढल्यामुळे खोड घराण्यातलीच. या शाखेत एक मोठी सोय आहे: ग्रंथ उत्तम स्थितीत मिळतात. स्तोत्रसंग्रहाची लक्तरं झालेली असतात, 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा कणा वाचून वाचून मोडलेला असतो, पण मूळ पापावरचा सहाशे पानी ग्रंथ बघा. कोपरे जिथल्या तिथे, शिवण घट्ट, सोनेरी अक्षरं लखलखीत.

पूर्वी अनेक पुस्तकांच्या पानांच्या घड्या न कापताच विकत. वाचकाने सुरीने एकेक घडी सोडवत पुढे जायचं. माझ्याकडे असा एक प्रवचनसंग्रह आहे. प्रस्तावना सोडवलेली, पहिलं प्रवचन सोडवलेलं, दुसऱ्याच्या मध्यावर सुरी थांबली ती कायमची. विक्रेते अशा प्रतीला जास्त भाव लावतात. आळस हे सात महापापांतलं एक, आणि कुण्या स्कॉटिश गृहस्थाने केलेल्या त्या पापाचे पैसे मी नगरमध्ये बसून भरले.

कागदाचं तंत्र तर त्याहून गमतीचं. १७०० सालचा कागद चिंध्यांचा. पान आजही खणखणीत वाजतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा आला, त्यातलं आम्ल पानाला आतून खात राहिलं, आणि १८९० सालचं पुस्तक उघडलं की पानाचा कोपरा हातात येतो. बायबलची कठोर चिकित्सा करणारं उदारमतवादी धर्मशास्त्र बरंचसं याच कागदावर छापलं गेलं. आमच्या घरातल्या कर्मठ मंडळींना यात ईश्वरी योजना दिसते.

पारख मी नाकाने सुरू करतो. बुरशीचा वास लपत नाही. मग कणा, शिवण, कसरीची भोकं. "अहो, पुस्तक हुंगून आत काय लिहिलंय ते कळतं का?" असं बायको विचारते. कळत नाही. पण विकणाऱ्यालाही कळलेलं नसतं, म्हणून व्यवहार बरोबरीचा होतो.

आता उलटं उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ठाऊक नाही. १९०७ची मंगळूरची आवृत्ती हस्तलिखितांवरून काढावी लागली. दमट हवा आणि देशी भाषेवरचा पोर्तुगीज सरकारचा राग यांचा त्यात वाटा असेलच. पण लोक ते गात होते, हेही खरं. वापरलेल्या पुस्तकाचं असंच होतं, आणि त्याला उतरंडीत खानाच नाही.

समासात लिहिलेलं असलं की भाव पडतो. कोकणातल्या एका जुन्या मिशन बंगल्याच्या सामानातून आलेला एक ग्रंथ मला त्यामुळेच स्वस्तात मिळाला. पूर्वनियोजनाच्या प्रकरणात, कोण तरणार आणि कोण बुडणार हे सृष्टीआधीच ठरलंय असं लेखक ठासून सांगत असताना, समासात पेन्सिलीने धोब्याचा हिशोब आहे. शर्ट सहा, चादरी चार, टॉवेल एक कमी. टॉवेल हरवणं अनादिकाळापासून ठरलेलं होतं की धोब्याचा निष्काळजीपणा, याचा निकाल मिशनरी साहेबांनी लावलेला नाही. पुढच्या पानांच्या घड्या कापलेल्याच नाहीत.