बंदूक वाजायच्या आधीच

"ऐकलंस का गो बाय, खालच्या खाचरात चुन्याच्या रेघा पडल्या."

काकी वईच्या पलीकडून बोलत होत्या. पांढऱ्या कांद्याची पात पातीत गुंफून माळ करायचं काम चालूच होतं. काकींचे हात आणि तोंड एकाच वेगाने चालतात.

"कोणी घेतलं?"

"मुंबईची पार्टी. नाव एकाचं, पैसे दुसऱ्याचे. शेतकरी दाखला आहे म्हणे, घाटावरच्या कुठल्या तरी गावचा." शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन घेता येत नाही, हे कूळकायद्याचं कलम काकींना पाठ आहे. "मुंबईत इतके शेतकरी राहतात, हे मला तो सेतू झाल्यावर कळलं."

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ला सुरू झाला. शिवडीपासून इकडे न्हावाशेव्यापर्यंत, २१.८ किलोमीटर. दोन महिन्यांच्या आत सरकारने उरण, पनवेल आणि पेणच्या १२४ गावांत नवं शहर करायचं काम एमएमआरडीएकडे सोपवलं. तिसरी मुंबई म्हणतात ती हीच. गावोगाव हरकती लिहायला माणसं बसली. पण एजंट त्याच्या किती तरी आधीपासून बांधावरून हिंडत होते. गावाला कळायच्या आत यांना कसं कळतं, हा काकींचा लाडका प्रश्न.

मी म्हटलं, "काकी, माझा भाऊ ओक्लाहोमाला असतो ना, त्याच्या गावाची गोष्ट ऐका. २२ एप्रिल १८८९. सरकारने सांगितलं, ही वीस लाख एकर जमीन मोकळी आहे, जो आधी खुंट ठोकेल त्याला १६० एकर. दुपारी बारा वाजता बंदूक वाजणार. सीमेवर घोडे, बैलगाड्या, पायी आलेली माणसं, पन्नासएक हजारांची गर्दी. वाजली बंदूक, सुटले सगळे. आणि जाऊन बघतात तर चांगल्या चांगल्या जागांवर आधीच कोणी तरी खुंट ठोकून बसलेलं."

"रात्रीचे शिरले असतील."

"तेच. झाडीत लपून राहिलेले. त्यांना सूनर म्हणायला लागले, आधी घुसलेले. पुढे कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालली."

"म्हणजे एजंटच की गो!" काकी इतक्या हसल्या की माळ सुटली. "शिक्षा झाली का?"

"काहींच्या जमिनी गेल्या. पण आता ते राज्य स्वतःला सूनर राज्य म्हणवतं. तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघसुद्धा सूनर्स."

काकींनी माळ पुन्हा धरली. मग विचारलं, "आणि आधी तिथे राहत कोण होतं?"

हा प्रश्न माझ्या भावाला तिथे इतकी वर्षं राहून पडला नव्हता. क्रीक आणि सेमिनोल लोकांची ती जमीन. १८३०च्या दशकात त्यांना पूर्वेकडच्या त्यांच्या मुलखातून हाकलून इथे आणलं, ही तुमची म्हणून दिली. यादवी युद्ध संपल्यावर १८६६च्या तहात त्यातला मोठा तुकडा काढून घेतला. आणि वीसेक वर्षांनी तीच जमीन 'कोणालाच न दिलेली' म्हणून वाटली.

"पडीक दाखवली म्हण ना."

काकींचं माहेर पेणच्या खारेपाटात, म्हणून त्यांना हे सांगावं लागत नाही. खाडीच्या कडेने बांध घालून, उघाडीने भरतीचं पाणी अडवून आणि ओहोटीला आतलं पाणी सोडून, पिढ्यान् पिढ्या खपून ती भाताची जमीन झाली. बांधाला एक खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही, की खारं पाणी शिरतं. दोनचार पावसाळे गेले की तिवरं उगवतात. मग बाहेरून आलेला साहेब गाडीतून बघतो आणि म्हणतो, इथे काही पिकत नाही. खांड का बुजवली गेली नाही, हे तो विचारत नाही.

तिथेच महामुंबई सेझ यायचं होतं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ला सरकारनेच लोकांचं मत घेतलं. एन. डी. पाटलांची भाषणं ऐकून काकींचा भाऊ मत द्यायला गेला होता, अंगात ताप असताना. बहुतेकांनी नाही म्हटलं, आणि ते भूसंपादन पुढे मुदत संपून बारगळलं. त्याआधी जासई परिसरात मात्र भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात १९८४च्या जानेवारीत गोळ्या झेलाव्या लागल्या, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडांची वाट झाली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील यांचं नाव काकी अजून 'दिबा' असं घरच्या माणसासारखं घेतात.

सासर चरीजवळचं. तिथली गोष्ट तर घरातलीच. २७ ऑक्टोबर १९३३ला चरीत सभा झाली, नारायण नागू पाटलांनी हाक दिली, आणि पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसायची बंद केली. सहा वर्षं. काकींच्या आजेसासूबाई डोंगरातून मोळ्या आणून विकत. डिसेंबर १९३४मध्ये डॉ. आंबेडकर चरीत येऊन बोलले, पुढे १९३७ला त्यांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

अमेरिकेशी तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. तिथे १८६२च्या कायद्याने १६० एकर मिळाले ते बाहेरून आलेल्याला, पाच वर्षं राहून कसायच्या अटीवर. इथे पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याला आपल्याच खाचरासाठी संप करावा लागला. आणि तिथे जमीन घेणारा परका होता. आपल्याकडे एजंट चुलतभावाचा मेहुणा निघतो, विकणाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहते, आणि हक्कसोडपत्रावर सही मागायला गेल्यावर पनवेलची बहीण पहिल्यांदाच विचारते, "गुंठ्याचा भाव काय चाललाय?" खालच्या खाचराचंही तेच झालंय. दोन बहिणींनी सह्या केल्या, तिसरी अडून बसली आहे. तिचं बरोबर आहे असं माझं मत. काकींचं मत, तिने भावाला आधी सांगायला हवं होतं.

"आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात कूळ आहे गो अजून," काकींनी आवाज खाली आणला. "माझ्या चुलत दिराचं नाव. पार्टीला कोणी सांगितलेलंच नाही."

तेव्हा रायगडात गुंठे बघायला येणाऱ्यांनो, एजंटच्या हातात विसार ठेवण्याआधी तलाठ्याकडून जुने फेरफार काढून घ्या, इतर हक्काचा रकाना वाचा, आणि वईपलीकडच्या माणसाला विचारा, इथे कसतं कोण.