सरहद्दीवर जायचंय, लिफ्ट चालू आहे का?

मे २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरच्या बेस्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय होते, पाकिस्तान आणि लिफ्ट. लिफ्ट बंद होती आणि पाकिस्तान चालू होता. हे उलट व्हायला पाहिजे, यावर पाचही माळ्यांचं एकमत होतं. टँकरचा विषयसुद्धा त्या दिवसांत मागे पडला. बेस्यात भर मे महिन्यात टँकरचा विषय मागे पडतो म्हणजे देशावर खरंच काहीतरी आलं आहे, एवढं समजून घ्या.

त्यात बातमी आली की ६ मेच्या अधिसूचनेनं सरकारनं लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, कामावर बोलावण्याचे अधिकार दिलेत. तिच्या पायदळाच्या ३२ पैकी १४ बटालियन घेणार. दुसऱ्या माळ्यावरच्या काकांनी तत्काळ लिहिलं, ‘आपलं नाव टाका.’ काका बँकेतून निवृत्त, छातीत दोन स्टेंट. खाली बावीस अंगठे पडले. सेक्रेटरी भाऊंनी इच्छुकांची यादी करायला घेतली आणि चौथ्या नावाला त्यांना यादीत ‘औषधं’ असा एक रकाना वाढवावा लागला.

मग कोणीतरी नियम वाचून आला. (असा एक माणूस प्रत्येक ग्रुपवर असतो, त्याला लवकरच काढतात.) प्रादेशिक सेनेत अधिकारी व्हायचं तर वय १८ ते ४२, पदवी हवी, पोटापाण्याचा उद्योग हवा आणि शरीर धड हवं. पहिल्या तीन अटींत बसणारे आम्ही चौघं निघालो. तिघांना एकदम मीटिंग लागली. माझं वय तेव्हा एकेचाळीस वर्षं सात महिने. हे ग्रुपला कळलं कारण माझी बायको ग्रुपवर आहे.

नागपूरकराला ही सेना काही लांबची नाही. सीताबर्डीच्या किल्ल्यात तिची ११८ वी बटालियन आहे. खाली बर्डीच्या बाजारात आपण अंडरवेअरचा भाव करत असतो तेव्हा वर डोक्यावर पलटण असते. त्याच टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. त्या फौजेत सपाट तळव्याचे किती आणि बीपीचे किती, हे कोणी मोजलं नव्हतं. आता मोजतात.

म्हणून मी आधी स्वतःच मोजायला बसलो. आपल्या माणसाला आजारांबद्दलचे प्रश्न नवे नाहीत. ते लपवण्याचा सराव आपल्याला विम्याच्या फॉर्मनं दिलेला आहे. त्या फॉर्मवर आपण सगळे निर्व्यसनी, निरोगी आणि खर्रा कशाशी खातात हे ठाऊक नसलेले असतो. लग्नाच्या बायोडाट्यातही तसंच, चष्मा फोटोपुरता आईच्या पर्समध्ये. पण विमा कंपनीचं एक बरं आहे. आधीपासूनचा आजार खरा सांगितला तर जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायचं, मग त्याचेही पैसे मिळतात. २०२४ पर्यंत चार वर्षं थांबावं लागायचं, आता एक कमी झालं. सैन्यात अशी सोय नाही. ‘चला सियाचीनला, तुमच्या सायटिकाचं तीन वर्षांनी पाहू’ असं तिथे कोणी म्हणत नाही.

माझी यादी अशी झाली. बीपीची एक गोळी. स्कूटरनं दिलेली मान. आणि फॅटी लिव्हर, ग्रेड वन. ते आमच्या विंगमध्ये सगळ्यांनाच आहे, मेंटेनन्ससोबत येतं. हे घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलो आणि फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. सैन्यात जायचंय म्हणालो. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कोणाच्या?”

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला निघालो. गेटवर आमचा वॉचमन उभा होता, वीस-एकवीसचा पोरगा, रात्रपाळी संपवत. लिफ्ट बंद झाल्यापासून पाचव्या माळ्यापर्यंत सिलिंडर तोच चढवत होता, काकांचा किराणाही तोच. मी घोगलीच्या रस्त्यानं गेलो आणि फार लवकर परत आलो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“भाऊ, श्वास नाकानं घ्या न. तोंडानं काहून घेऊन राह्यले?”

“तुला काय माहीत रे?”

“मी पळालो न मानकापूरले. अग्निवीरच्या भरतीले.”

मग सगळं निघालं. लेखी परीक्षा पास. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत, म्हणजे साठपैकी साठ. दहा पुलअप्स, म्हणजे चाळीसपैकी चाळीस. नऊ फुटांचा खड्डा टापला. उंची, छाती बरोबर. मग मेडिकलला चड्डीवर उभं केलं. तिथे कानातला मळ पाहतात, दातांचे पॉइंट मोजतात, गुडघे एकमेकांना घासतात का बघतात, पायाच्या शिरा बघतात. गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर पंजाच्या पाठीवर असेल तरच चालतं. दंडावर मैत्रिणीचं नाव कोरून घेणारे तिथे देशाला आणि मैत्रिणीला एकाच दिवशी मुकतात.

“अन् तुझं काय झालं?”

“पायाले कमान नाई म्हणे. फ्लॅट फूट. फेरतपासणीले गेलो, तिथंबी तेच लिवून देलं.”

आता यात सैन्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाठीवर ओझं घेऊन मैलोन् मैल चालायचं तर तळव्याला कमान हवी, नाहीतर पाय, गुडघे, कंबर अशा क्रमानं माणूस बसत जातो. माझा राग त्या दोन वर्षांवर आहे. ज्या भरती ॲकॅडमीत या पोरानं दोन वर्षं फी भरली, तिथे त्याला रोज पळवलं, रोज घोषणा द्यायला लावल्या, गणवेशाचे वेगळे पैसे घेतले. पाय कोणी पाहिला नाही. त्याला लागतं काय? बादलीभर पाणी. ओल्या पायानं फरशीवर उभं राहायचं, आतली बाजू कोरडी राहिली तर कमान आहे, अख्खं पाऊल उमटलं तर डॉक्टरला दाखवायचं. दिवाळीत दारात काढतो त्या लक्ष्मीच्या पावलांनासुद्धा कमान असते, लक्ष्मी मेडिकलला पास होईल. पण पहिल्या दिवशी पाय पाहिला तर दुसऱ्या दिवसापासूनच्या फीचं काय? शाळेच्या दहा वर्षांतही या पायाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, त्याला बूट नव्हते म्हणून तर ते जास्तच दिसायला हवं होतं.

“मग आता?”

“आता काय, इथंच. बारा घंट्याची ड्युटी. उभंच राहा लागते.”

देशाची राखण करायला जो पाय नापास झाला, तो बारा तास आमची राखण करायला चालतो. आमच्या सोसायटीत मेडिकल नाही.

आणि पास होणाऱ्यांचंही ऐका. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं. पुढे बिघडला तर तो नोकरीमुळे, आणि तसं नसल्याचं सिद्ध करायचं ते सरकारनं. धर्मवीर सिंग नऊ वर्षं नोकरी करून फेपऱ्याच्या कारणानं घरी पाठवले गेले होते. न्याय झाला. पण हा न्याय जवान झालेल्याला. खडकवासल्याच्या एनडीएत शिकणारा पोरगा अजून कोणीच झालेला नसतो. आत घेताना नखापासून केसापर्यंत तपासून त्याला ‘फिट’ म्हणतात, प्रशिक्षणात मणका मोडला की ‘अनफिट’ म्हणतात आणि माजी सैनिक म्हणायला नकार देतात, कारण तो सैनिक झालाच नव्हता. १९८५ पासून प्रशिक्षण संस्थांमधून असे शेकडो घरी गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, तेव्हा कुठे माजी सैनिकांची उपचार योजना त्यांच्यासाठी उघडली. म्हणजे चाळीस वर्षं. आमच्या विमा कंपनीची तीन वर्षं आता मला फारच माणुसकीची वाटू लागली आहेत.

१० मेला शस्त्रसंधी झाली. लिफ्ट १४ तारखेला सुरू झाली. काका पहिल्याच फेरीत वर गेले आणि घरी पोचून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘अजून चार दिवस पाहिजे होते.’ लिफ्टबद्दल नसावं. माझा फॉर्म अर्धा भरलेला आहे, आजारांच्या रकान्याशी थांबलेला. बेचाळिशी भरेपर्यंत तो तसाच राहील याची मी व्यवस्था केली.

सेक्रेटरी भाऊंची यादी मात्र वाया जाऊ नये. सीताबर्डीचा किल्ला सामान्य लोकांसाठी वर्षातून तीनदा उघडतो, १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला. येत्या २६ ला यादीतल्या बावीसच्या बावीस जणांनी सकाळी पायथ्याशी जमावं. सोबत आपापल्या गोळ्या आणाव्यात. वॉचमनला त्या दिवशी सुटी दिली आहे, त्यामुळे वर उचलून कोणी नेणार नाही. चढ आहे, लिफ्ट नाही.