सोळा अँपियरचे सोयरे

विजेच्या गाडीला पेट्रोल लागत नाही हे खरं, पण सोयरे लागतात. ही गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगायची गरजही नसावी. तिथे मॉलच्या तळघरात गाडी लावायची, वर जाऊन कॉफी प्यायची, तोवर गाडीचं पोट भरतं. आम्ही राहतो चामोर्शीला. नागपूर इथून दोनशे किलोमीटरच्या घरात. कागदावर गाडी तेवढं एका दमात जाते. पण कागदावर मे महिन्याचं ऊन नसतं, फुल्ल सोडलेला एसी नसतो, आणि नागपूरच्या लेकीसाठी नव्या तांदळाचं पोतं घेऊन मागच्या सीटवर बसलेली आई नसते.

२०२० साली नेक्सॉन विजेवर आली तेव्हापासून पुतण्याने धोशा लावला होता. शेवटी एक विजेची गाडी दारात आली आणि घरात गणित सुरू झालं. सोळा अँपियरचा पॉइंट तासाला तीन युनिटच्या आसपास देतो. बॅटरी तीस युनिटची. एका युनिटात सहा-सात किलोमीटर. त्यावरून बायकोने पाहुणचाराचं कोष्टकच मांडलं: चहाचे सहा किलोमीटर, पोह्यांचे दहा, जेवण आणि वामकुक्षीचे साठ. तेव्हापासून कोणी ‘जेवून जा जी’ म्हटलं की आम्ही आढेवेढे घेत नाही.

ब्रह्मपुरीला बायकोचे चुलत मामा राहतात. कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून त्यांच्याकडे जाणंयेणं बंद होतं. त्यांनी नवं घर बांधलं आणि पोर्चमध्ये मोठा पॉइंट काढला हे कळताच आमच्या मनातली अढी सुटली. गेलो. बायकोने मामींची तब्येत विचारली, मी मीटरचा बोर्ड पाहिला. केबल लावली तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नाही!

मामाजींना ते फार लागलं. “आमच्या घरी कायची कमी हाये जी जावईबापू?” म्हणत ते मागच्या अंगणात निघाले, मागून आम्ही सगळे. अर्थिंगचा खड्डा उन्हाने ठणठणीत कोरडा. माती वाळली की करंटला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. मीठ आलं, कोळसा आला, वर बादल्या ओतल्या. दिवा हिरवा झाला तेव्हा मामींनी वरण-भात टाकला. आता मामाजी रोज सकाळी आधी त्या खड्ड्याला पाणी घालतात, मग तुळशीला. फोनवर विचारतात, “कधी येता? खड्डा वला करून ठेवतो.”

रस्त्यावरची तऱ्हा आणखी वेगळी. आष्टीकडच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांनी गुरांचे कान किटलेले. आमची बिनआवाजाची गाडी त्यांच्या खिजगणतीत नाही. माणसं मात्र दचकतात. पाटी हिरवी, त्यावर पांढरे अंक, आणि या जिल्ह्यात हिरवं म्हणजे फॉरेस्टवाले. चपराळ्याच्या वाटेवर एकजण आम्हाला पाहताच मोळीसकट सायकल घेऊन पळसाआड गेला. आम्ही काच खाली करून ‘आम्ही साहेब नाही’ म्हणालो, तर तो आणखी आत गेला.

शेजारच्या गुरुजींना गाडीचं कौतुक नाही. “धूर नाही म्हणता, तो दुर्गापूरले काढता,” म्हणतात. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, कोळशावर चालणारं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लाईन गेली.

पाहुणचाराची परतफेड महाशिवरात्रीला होते. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते, आणि जत्रेत ब्रह्मपुरीचे सगळे सोयरे दक्षिणेकडे, आमच्याकडे. मामाजी एकेक युनिट वसूल करतात. त्यांच्या नातवंडांना मंदिरापर्यंत नेऊन आणता आणता बॅटरी उतरते ती वेगळीच.

आता अडचण एकच आहे. नागभीडच्या पुढे उमरेडपर्यंत आमचं कोणी नाही. भिवापूरला मिरची उत्तम मिळते, पण तिच्यावर गाडी चालत नाही. पुतण्या लग्नाचा आहे, निर्व्यसनी आहे. त्या पट्ट्यात चांगलं स्थळ असेल तर जरूर कळवा. पत्रिका नाही जुळली तरी चालेल, हुंडा तर नकोच; अर्थिंग मात्र पक्कं पाहिजे.