गुणिले शंभर: जर्मनीला निघालेल्या सोलापूरकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

साहित्य: दोनशेपानी वही एक, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ (जरुरीपुरता), आणि "तिकडं महिन्याला किती पडतात बे?" असं विचारणारा शेजारी किमान एक. हा शेवटचा जिन्नस सोलापुरात विकत आणावा लागत नाही.

उदाहरणाला जर्मनीच का, तर फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी 10 हजार माणसं पहिल्यांदा पाठवायची, अशी घोषणा झाली आणि ज्या घरांत जर्मनी म्हणजे फक्त हिटलर होता, तिथं स्टुटगार्टचं भाडं विचारलं जाऊ लागलं. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. दुबईला किंवा कॅनडाला जाणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत. शेजारी बदलण्याची गरज नाही.

पायरी पहिली. पगाराला शंभरने गुणा. युरोचा खरा भाव थोडा वरखाली असतो, पण नवशिक्याने शंभरच धरावा, कारण तोंडी जमतं. पगार 3000 युरो असेल तर 3 लाख रुपये. हा आकडा घरात मोठ्याने उच्चारू नये. उच्चारल्यास संध्याकाळपर्यंत जुळे सोलापुरात प्लॉटची चौकशी सुरू होते आणि पुढच्या पायऱ्या कोणी वाचत नाही.

पायरी दुसरी. कपात. अविवाहित माणसाच्या 3000 युरोंतून हातात साधारण 2100 येतात. "मग उरलेले नव्वद हजार कोण खातं?" असं शेजारचे अण्णा विचारतील. त्यांना शांतपणे सांगा की प्राप्तिकर, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा आणि बेकारीविमा. शिवाय म्हातारपणी सांभाळायला कोणी लागलं तर त्यासाठीही एक सक्तीचा विमा असतो. मूल नसलेल्या माणसाला तेविशीनंतर या विम्याचा हप्ता थोडा जास्त बसतो. ही माहिती आईसमोर देऊ नये. ती स्थळांची वही काढेल, आणि या वेळी जर्मन सरकार तिच्या बाजूने असेल.

पायरी तिसरी. वहीत सोलापूर आणि स्टुटगार्ट अशा दोन रकान्यांचा खर्चाचा तक्ता आखा, पण खर्चाला गुणू नका. साऱ्या मार्गदर्शनात मोडायला सर्वांत सोपा नियम हाच. कटिंगला 30 युरो म्हटलं की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो, आणि तीन हजारांची कटिंग ऐकून माणूस केस वाढवायला लागतो. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिना 18.36 युरो सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी द्यावी लागते. याला गुणलं तर झोप जाते. याउलट पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानात परत केली की 25 सेंट मिळतात. याला मात्र अण्णा हमखास गुणतील: "बाटलीमागं पंचवीस रुपये! नोकरी कशाला पाहिजे मग?" बाटली घेताना ते 25 सेंट आपल्याकडूनच घेतलेले असतात, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगावं.

भाड्याचे आकडे दोन असतात, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या भिंती. गरम म्हणजे हीटर, पाणी, जिन्याची साफसफाई वगैरे धरून. जाहिरातीत थंड आकडा पाहून खूश होणाऱ्याला वर्षाअखेरीस हिशेबाचं पत्र येतं आणि हीटर जास्त वापरला म्हणून फरक भरावा लागतो. एका खोलीच्या साध्या फ्लॅटला स्टुटगार्टमध्ये 700-800 युरो सहज जातात. अनामत थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत. स्वयंपाकघर मिळतं, पण त्यात ओटा-सिंक असेलच असं नाही. कित्येकदा आधीचा भाडेकरू ते उचलून घेऊन गेलेला असतो. आपल्याकडे घरमालक नळाची तोटी काढून नेतो, पण ओट्यापर्यंत अजून कोणाची मजल गेलेली नाही.

विद्यार्थ्याला मात्र तक्ता करायचीच गरज नाही, तो जर्मन सरकारने करून ठेवलाय. व्हिसासाठी बँकेत वर्षाचे 11,904 युरो आधी अडकवून दाखवायचे आणि तिथं गेल्यावर महिना 992 काढायचे. एवढ्यात माणूस जगतो, असं सरकारचं म्हणणं. स्टुटगार्टच्या घरमालकांना हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

पायरी चौथी, पाणी. इथं वहीचं नवं पान घ्या.

दोन्ही शहरं लांबचं पाणी पितात. स्टुटगार्टला 1958 पासून बोडनझे या मोठ्या सरोवराचं पाणी पाईपने येतं. आपल्याला शंभरावर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येतं. फरक शेवटच्या दहा फुटांत आहे. तिथं तोटी फिरवली की पाणी येतं. इथं पाळी असते, कधी चार दिवसांआड तर कधी पाच, आणि पाळीची वेळ पाण्याच्या मर्जीवर. नवशिका तक्त्यात लिहितो, "पाणी: सोलापूर स्वस्त, स्टुटगार्ट महाग." पाणीपट्टीची पावती पाहिली तर ते खरंही आहे.

आता त्या पावतीत काय नाही ते मोजा. टाकी, ड्रम, मोटर, मोटरची वीज, पिण्याचे जार. आणि "पाणी आलं!" अशी गल्लीतून हाक आली की अर्धवट झोपेतून उठून मोटर लावणारी, पिंप धुणारी, वरची टाकी भरून वाहू लागायच्या आत बटण बंद करणारी आई. समजा एका पाळीला तिचे दोन तास जातात. महिन्यात सहा पाळ्या धरल्या तर बारा तास. जर्मनीत 2025 साली कमीत कमी मजुरी ताशी 12.82 युरो होती. म्हणजे 153.84 युरो. गुणिले शंभर, पंधरा हजार तीनशे चौऱ्याऐंशी रुपये. हे फक्त पाण्याचं. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगा भाजून कुटलेली चटणी, गॅस सिलिंडरवाल्याची वाट बघत घरी थांबणं, हे अजून धरलेलं नाही. धरलं तर सोलापूर हे युरोपातल्या महागड्या शहरांच्या रांगेत जाऊन बसतं. ते बिल आजवर कोणी फाडलं नाही, एवढंच.

हा हिशेब आईला दाखवू नये. ती थकबाकी मागू शकते.

स्टुटगार्टमध्ये ही सगळी कामं तुमच्या नावावर होतात. त्या भागात केरवोखे नावाची जुनी प्रथा आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते, आणि त्या आठवड्यात जिना, कधी कधी दारापुढचा रस्ताही त्यानेच झाडायचा. म्हणजे पाळी तिथंही आहे, पाण्याऐवजी झाडूची. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, तेव्हा चटणीसाठी मिक्सर लावायचा तर वेळ पाहून लावावा. रविवारी दुकानं बंद, म्हणून कांदे शनिवारीच आणावेत.

पायरी पाचवी, करमणूक. सोलापूरच्या रकान्यात गड्डा यात्रा लिहा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा तुम्ही तिकडे कामावर असाल. जर्मन कॅलेंडरात त्या दिवसाला सुट्टी नाही. स्टुटगार्टच्या रकान्यात कानश्टाटची शरदातली जत्रा लिहा. आकाशपाळणा तिथंही आहे. तिकिटाला गुणू नये.

इतका हिशेब करून माणूस जातो तरी का, असं कोणी विचारलं तर उत्तर देत बसू नका. आपल्या भय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ते तिथल्या भाड्याची चौकशी करून गेले असतील असं वाटत नाही. आणि पूर्व भागातली पद्मशाली मंडळी? त्यांचे पूर्वज तेलंगणातून मागावर काम करायला इथं आले, तेव्हा सोलापूर हेच परमुलूख होतं. उन्हाळ्याचा रकाना त्यांनी केला असता तर अर्धे वाटेतूनच परतले असते.

पायरी सहावी, सामान. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणून मावशीने दिलेले पेढे विमानतळावर जाण्याआधीच संपवावेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीला अडचण नाही. भाकरी महिनोन् महिने टिकते आणि बॅगेत चुरा झाली तरी आमटीत चालते. सोलापुरी चादर न्यावीच. पण ती वजनदार, बॅगेला मर्यादा 23 किलोंची, आणि आई दोन चादरी दिल्याशिवाय सोडणार नाही. एक बॅगेत घालावी. दुसरी खांद्यावर टाकून चेक-इनला उभं राहावं, अंगावरच्या कपड्यांचं वजन अजून तरी कोणी करत नाही.