सोळाचे पैसे आणि आठच?

अहो, ऐकलंत का? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या धाकट्याने ऑफिसात सर्व्हर बांधला म्हणे! तोच हो, मुलुंडहून घाटकोपरला सीएच्या ऑफिसात जातो तो. काकू कालपासून वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालतायत, कोणीतरी विचारावं म्हणून. मी विचारलं. मग काय…

टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर तोंडावर, आणि मेन कॉम्प्युटर सकाळी चालूच होईना. साहेब म्हणाले, "घाबरता काय, बॅकअप आहे की!" खणातून ती काळी हार्डडिस्क काढली, लावली, सगळे मागे घोळका करून उभे. उघडतात तर काय, आत नुसत्या जुन्यापुराण्या फायली! टॅली मध्यंतरी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेलं, आणि बॅकअप आपला रोज रात्री इमानेइतबारे त्या सोडून दिलेल्या जुन्या फोल्डरचाच. परत उघडून बघायला कोणाला सवड होती? साहेब खुर्चीत जे बसले ते चहा निवेपर्यंत बोलले नाहीत. मेलमधून, पोरांच्या लॅपटॉपमधून गोळा करकरून कसंबसं निभावलं. आणि नियम बघा, कंपन्यांच्या कॉम्प्युटरवरच्या हिशेबांचा बॅकअप २०२२ च्या ऑगस्टपासून रोजच्या रोज घ्यायला हवा, तोही भारतातल्याच सर्व्हरवर. हेच साहेब क्लायंटना बजावत असणार!

तर काय सांगत होते… हां, सर्व्हर. पोराने ऑफिसातलाच एक जुना पीसी घेतला, त्यावर ते फुकटातलं ट्रूनॅस नावाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि डिस्क आणायला पठ्ठ्या ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत. चार-चार टीबीच्या चार. त्याही दोन दुकानांतून, एकाच लॉटमधल्या असल्या तर एकदमच जायच्या म्हणून. दुकानदाराला विचारतो, "सीएमआर की एसएमआर?" त्या एसएमआरमध्ये म्हणे पट्टे एकावर एक चढवून लिहितात, डिस्क बदलायची वेळ आली की रखडतं सगळं. दुकानदार आधी हसला, मग आत जाऊन दुसरा खोका घेऊन आला. काकूंनी हे मला दोनदा सांगितलं.

आता खरी गंमत. साहेबांना वाटलं, सोळा टीबी मिळाले. हा म्हणाला, "नाही सर, हाताशी आठच. उरलेली जागा दोन डिस्क गेल्या तरी काम चालावं म्हणून." "सोळाचे पैसे आणि आठच?" साहेबांचं तोंड हे एवढंसं! मग ह्याने काय करावं, चालू मशीनमधल्या एका डिस्कची वायरच उपटली. साहेब "अरे अरे" करत उठले. पण पलीकडे एन्ट्री मारणारी मुलगी, तिला पत्ताच नाही, तिची बोटं चालूच. साहेब खूश. पेढे मागवणार एवढ्यात हा म्हणतो, "पण सर, एवढ्यावर बॅकअप झाला असं नाही." पुन्हा चेहरा उतरला! कोणी फाइल उडवली तर ती चारही डिस्कवरून उडणार ना. त्यासाठी ते स्नॅपशॉट, म्हणजे फायली त्या घडीला होत्या तशा जपून ठेवायच्या, दर तासाला. आणि मशीनच चोरीला गेलं, जळलं, तर?

मग ह्याने न्हावाशेवा बंदराचं सांगितलं. आठवतंय ना, २०१७ च्या जूनमध्ये त्या नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क कंपनीचं टर्मिनल ठप्प केलं ते? त्यांचे ते डोमेनवाले सर्व्हर जगभर एकमेकांची कॉपी ठेवून होते, तर सगळेच एका दमात साफ. वाचला एकच, आफ्रिकेत घानाला. का? तर तिथे नेमकी लाईट गेली होती! मी तर म्हटलं, आपण लाईट गेली की उगाच बोटं मोडतो.

हे ऐकल्यावर त्यांच्या जुन्या अकाउंटंट बाई बोलल्या. इतका वेळ गप्पच होत्या. म्हणाल्या, "पहिलं ते मशीन टेबलाखालून वर घ्या." ऑफिस तळमजल्याचं, आणि बाईंनी २६ जुलैचा तो पाऊस पाहिलेला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, इकडे कमरेएवढ्या पाण्यात कॉम्प्युटर तरंगत होते. साहेबांनी मुकाट्याने भिंतीला वर फळी ठोकून घेतली. आणि दर शनिवारी एक वेगळी डिस्क बाई स्वतः डोंबिवलीला घरी नेतात. साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, डब्याच्या पिशवीत, लेडीज डब्यातून! गर्दीत गेली तरी पासवर्डशिवाय उघडायची नाही. पुढच्या शनिवारी ती परत येते, दुसरी जाते. महिन्यातून एकदा बाई कुठल्याही क्लायंटचं नाव घेतात आणि म्हणतात, "ह्याचं आण बघू परत." पोराला त्यांच्यासमोर फाइल उघडून दाखवावी लागते.

साहेब आता चारचौघांत सांगतात, आयडिया त्यांचीच. सांगू देत बिचारे.

पण आपल्या सेक्रेटरींचं ऐकलंत का? काल लिफ्टपाशी पोराला गाठून म्हणे, सोसायटीचे हिशेबही ठेव की रे तुझ्या त्या सर्व्हरवर. तो म्हणाला, "ऑफिसच्या मशीनवर नाही चालणार काका, वेगळी सोय करून देतो. पण आत्ता आहेत कुठे?" "पेनड्राइव्हवर." "आणि पेनड्राइव्ह?" सेक्रेटरींनी बायकोकडे बघितलं, बायकोने सुनेकडे. अहो, तो नातवाच्या कार्टूनसाठी टीव्हीच्या मागे लावलाय!