नवी गाडी परत करण्याचा शास्त्रोक्त विधी

डिलिव्हरीच्या दिवशी चाकाखाली लिंबू चिरडलं, स्टाफने टाळ्या वाजवल्या, पुठ्ठ्याची हातभर चावी तुमच्या हाती देऊन फोटो काढला. तो फोटो जपून ठेवा. तुम्ही आणि शोरूमवाले एकाच वेळी हसत असल्याचा दुसरा पुरावा पुढे मिळणार नाही.

अमरावती सोडून बडनेरा मागे पडेपर्यंत डॅशबोर्डाखालून खडखड सुरू होईल. घाबरू नका, ती वर्कशॉपच्या फाटकात शिरताच बंद पडते. म्हणून विधीचा आरंभ खडखड सिद्ध करण्यापासून. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणेल, "भाऊ, आवाज गाडीचा नाई, रोडचा हाय." यावर आपल्याकडे जे उत्तर आहे ते पुणेकराकडे नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनेस बुकात नोंद झाली. अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवा आणि लोणी ते माना त्याच पट्ट्यावरून न्या. जागतिक विक्रमाला तो खड्डा म्हणू शकणार नाही. "रोड चांगला हाय म्हणून तर बारीक आवाज ऐकू येते," असं मात्र म्हणेल.

खरी लढाई जॉब कार्डावर होते. तुम्ही सांगता: स्टिअरिंग डावीकडे ओढतं, चढावर पिकअप जातो, अकोल्याच्या मे महिन्यात एसी गरम हवा फेकतो. तो मान डोलावतो, चहा मागवतो आणि कार्डावर लिहितो, 'जनरल चेकअप'. चहा प्यावा, सही करू नये. "घरचीच गोष्ट हाय भाऊ, लिहून काय करता?" या वाक्याला वऱ्हाडी माणूस हमखास फसतो. आपण कोणाशीही भांडू, पण चहा पाजणाऱ्याशी कसं भांडावं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, कार्डाची प्रत मागा. 'हजार किलोमीटरात सेट होऊन जाते', 'कंपनीले मेल टाकला', 'पार्ट येऊन रायला' ही तिन्ही आश्वासनं ईमेलवर मागितली की समोरच्याचा आवाज गाडीपेक्षा लवकर बंद होतो. चौकातल्या मिस्त्रीला बॉनेट उघडू देऊ नका. त्याचं निदान बहुधा बरोबर असतं, पण तेवढ्यावर 'बाहेर हात लावला, वॉरंटी गेली' म्हणायला शोरूमला निमित्त मिळतं.

सदोष निघालेली नवी गाडी परत घ्यायला लावणारा अमेरिकेतला लेमन लॉ आपल्याकडे नाही. इथे लिंबू फक्त चाकाखाली. मात्र २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. गाडी नागपूरला घेतली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. पेढ्यांना याहून जास्त गेले असतील. तज्ज्ञाच्या अहवालाची तयारी ठेवा आणि डीलर व कंपनी दोघांनाही पक्षकार करा, कारण एकटी कंपनी सुटू शकते. गोव्यात २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी २०११ ची नवी म्हणून एका ग्राहकाच्या गळ्यात मारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला मोकळं केलं: डीलरचं पाप डीलरच्या माथी. शिवाय २००६ च्या मारुतीच्या एका खटल्यात, वॉरंटी पार्ट बदलण्याची असेल तर पार्टच मिळेल, गाडी नाही, असं ठरलेलं आहे. वकील हे दुसऱ्या भेटीत सांगतो.

केस चालू असताना गाडी चालवायची की नाही? चालवली तर 'पंधरा हजार किलोमीटर पळवली, मग खराब कशी?' उभी ठेवली तर बॅटरी उतरते आणि 'वापरच नाही' हा मुद्दा निघतो. मध्यममार्ग म्हणून रविवारी अंबादेवीच्या देवळापर्यंत न्यावी. बँकेचा हप्ता मात्र खडखडीसह भरत राहायचा.

एवढं करूनही दर सर्व्हिसिंगनंतर अ‍ॅडव्हायझरचा फोन येईलच: "भाऊ, कंपनीतून कॉल येईन, धापैकी धा द्या बरं, माह्या इन्सेन्टिव्हचा प्रश्न हाय." तुमच्या नोटिशीला न घाबरलेला माणूस या एका आकड्याला घाबरतो. त्याला सांगा, देतो, पण आधी 'जनरल चेकअप' खोडा.